गजराबाईची चित्रे

खाडीकाठच्या एका गावात परसू नावाचा चित्रकथी राहत असे. कागदावर चित्रे रंगवायची आणि गावोगाव ती दाखवत कथा गायची, हा त्याचा पिढीजात धंदा.

एके वर्षी राजाने गावचा पाणवठा आपल्या बागेसाठी अडवला. तेव्हा गावची सुईण गजराबाई आणि होडीवाला आणू पाणवठ्यावर जाऊन बसले. शिपाई आले तरी उठले नाहीत. राजाने दोघांना किल्ल्याच्या तळघरात टाकले.

गजराबाईचा नवरा धाकू प्रधानाच्या पाया पडला. प्रधान म्हणाला, "आपल्या राज्याची एक जुनी रीत आहे. दर गावातून एक माणूस दरबारात येऊन कैद्याच्या बाजूने उभा राहिला, तर राजाला कैदी सोडावा लागतो. माणसे घेऊन ये."

धाकू परसूकडे आला. परसूने देवांची चित्रे गाठोड्यात बांधून ठेवली आणि गजराबाईची रंगवायला घेतली. भर पुरात होडीतून बाळंतिणीकडे निघालेली गजराबाई, होडी वल्हवणारा आणू. पाणवठ्यावर बसलेले दोघे. तळघरातला अंधार आणि त्यात दोन चेहरे. मग परसू आणि धाकू गावोगाव हिंडू लागले. परसू गाई, धाकू टाळ धरी.

गावेच्या गावे लोटली. कितीतरी जण गजराबाईच्याच हातावर जन्मलेले होते. बाया पदराने डोळे पुसत. म्हातारे म्हणत, "परसू, हात आहे तुझा." काहींनी चित्रे मागून घेऊन घरात लावली. कथा संपली की परसू हात जोडून विचारी, "दरबारात कोण येणार?"

"येणार म्हणजे काय! आमचीच माणसे ती," सगळे म्हणत.

दरबाराचा दिवस उजाडला. किल्ल्याच्या दारात परसू आणि धाकू उभे होते. कुणाचे शेत होते, कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाचा मुलगा राजाच्या चाकरीत होता. ऊन चढले, तरी वाटेवर कुणी दिसेना.

शेवटी दोघेच आत गेले. राजा म्हणाला, "तुझ्या चित्रांबद्दल फार ऐकले आहे. दाखव."

परसूने चित्रे दाखवली. तळघराचे चित्र आले तेव्हा राजाचेही डोळे भरून आले. "काय सुंदर काम आहे," तो म्हणाला आणि ते चित्र त्याने सिंहासनामागच्या भिंतीवर लावायला सांगितले.

"आणि कैदी, महाराज?" धाकूने विचारले.

"त्यांच्या बाजूने कोण आले आहे?" राजाने विचारले. दोघे रिकाम्या हाताने किल्ल्याबाहेर पडले.

पावसाळ्यात तळघरात पाणी शिरले. गजराबाई तापाने गेली. शिपायांनी तिचे लुगडे तेवढे धाकूच्या हातात दिले.

थोड्याच दिवसांत शेजारच्या गावाहून निरोप आला. "जत्रा आहे. परसूला पाठवा. गजराबाईच्या मरणाचे चित्र काढले असेल, तर ते आधी आमच्या गावात दाखवावे."

धाकू म्हणाला, "नको जाऊस. त्यांना रडायची हौस आहे, बाकी काही नाही."

"आणू अजून आत आहे," परसू म्हणाला.

"कुणी येणार नाही, परसू."

"माहीत आहे."

परसू गेला. धाकू घरीच राहिला, त्यामुळे टाळ नव्हता. माणसे मात्र मागच्यापेक्षा जास्त जमली होती. परसूने नवे चित्र वर धरले आणि गायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला लोक रडू लागले. कथा संपल्यावर त्याने हात जोडले आणि आणूसाठी दरबारात कोण येणार, असे विचारले.

"येणार म्हणजे काय!" सगळे म्हणाले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र पाहून जुलमी माणसालाही रडू येते, पण जो उठून त्या दुःखी माणसाच्या शेजारी उभा राहत नाही, त्याच्या रडण्याने तुरुंगाचे दार उघडत नाही.