पेट्रोलची तपासणी

त्या मोटार शर्यतीत आयोजक भाऊसाहेब घोरपड्यांनी आणलेलंच पेट्रोल सगळ्यांनी भरायचं, असा नियम होता. मुक्ता सोनवलकरने ते भरून गाडी पळवून पाहिली, तर इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. पेट्रोलचा ऑक्टेन कमी आहे, हे तिने ओळखलं. अशाने शर्यतीत इंजिन बसलंच असतं. ती तक्रार घेऊन गेली.

"पेट्रोल उत्तम आहे," भाऊसाहेब चारचौघांत हसले. "तुम्ही आधी ट्यूनिंग शिका, बाई."

"मग बरंच झालं," मुक्ता म्हणाली. "तुमच्या नव्या गाडीत याच पिंपातलं भरायला सांगून आलेय."

भाऊसाहेब ताडकन उठले. "अहो, थांबवा त्यांना. माझ्या इंजिनाची वाट लागेल."

"बसा. कोणी काही भरलेलं नाही," मुक्ता शांतपणे म्हणाली. "पेट्रोल तपासायचं होतं, ते तपासून झालं."

मंडळी पोट धरून हसली. तासाभरात दुसरी पिंपं आली आणि मुक्ताची गाडी मजेत गुणगुणत निघाली.