झुंबरशेठचा डावा टायर

टायरांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. झुंबरशेठच्या जीपचा पुढचा डावा टायर आतल्या कडेनं झिजून गुळगुळीत झाला. "नजर लागली," शेठ म्हणाले. त्यांनी नवा टायर घातला आणि दर शनिवारी बंपरला ताजी लिंबू-मिरची बांधायला सुरुवात केली.

नवा टायर जुन्याला हसला, "तुझ्यातच दम नव्हता!" दिवाळीपर्यंत त्याचीही तीच गत झाली.

शेवटी त्या आठवड्याचं लिंबू न राहवून म्हणालं, "शेठ, नजर कसली? तुम्ही गाडी खड्ड्यात आपटलीत तेव्हापासून चाकच तिरकं उभंय. अलाइनमेंट करून घ्या!"

"हे लिंबूच नासलंय," म्हणत शेठनी ते रस्त्यावर भिरकावलं आणि दुसरं बांधलं.

तिसऱ्या टायरनं बसता बसता नव्या लिंबाला विचारलं, "काय रे, चाक सरळ आहे ना?"

लिंबू मिरचीआड सरकलं. "मला नको विचारू बाबा. मला शनिवारपर्यंत टिकायचंय."