कवडीच्या गळ्याची माळ

एका राज्यात प्रघोष नावाचा राजा राज्य करीत होता. मनाने मऊ, पण भारी उतावळा. बी पेरले की दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहायचा. त्याची एकुलती एक लेक नीलाक्षी, आणि नीलाक्षीचा सारा जीव कवडी नावाच्या हरिणीत. रानातल्या अरणी मायाविनीने ते पाडस तिला दिले होते आणि बजावले होते, की दोघींचे जीव नव्हे, पण देह एका गाठीने बांधले आहेत, कवडीच्या देहावर, ती जिवंत असो वा नसो, कधी जबरदस्ती करू नका.

एका हिवाळ्यात कवडी आजारी पडून मरण पावली. नीलाक्षीने अन्न सोडले. लाडक्या जनावराचे कातडे कमावून, गवताच्या सांगाड्यावर चढवून जपून ठेवायची त्या राज्यात रीतच होती. राजाने कारागिराला बोलावले. कारागीर म्हणाला, सावलीत हळूहळू वाळू द्यावे लागेल. राजाला कुठला दम? त्याने चारी बाजूंनी शेगड्या पेटवायला लावल्या. वर हुकूम सोडला, की राजवाड्यातली हरिणी आहे, छाती चांगली भरदार करा. सांगाडा फुगला, कातडे त्यावर ताणून बसवले गेले.

व्हायचे तेच झाले. कातडे कडकडीत वाळून आक्रसले. पापण्या मागे ओढल्या गेल्या, कान सुरळीसारखे वळले, गळ्याची शिवण उसवली. कवडी घाबरल्यासारखी दिसू लागली. आणि इकडे नीलाक्षीही आक्रसू लागली. आधी तिच्या पायांतली पैंजणे गळाली, मग ती उशीच्या अभ्र्यात मावू लागली. राजाच्या तोंडचे पाणी पळाले. तो अनवाणी रानात गेला.

अरणी म्हणाली, "राजा, तीन कामे आहेत. आवळलेले सैल कर. खोटे काढून टाक. मग थांब. तिन्ही स्वतःच्या हातांनी."

लक्ष ठेवायला तिने आपली साळुंकी सोबत दिली.

राजा तळ्याच्या पाण्यात फडकी भिजवून, पिळून कातड्यावर घालू लागला. लवकर व्हावे म्हणून त्याने पाणी उकळायला ठेवले, तेव्हा साळुंकी बोलली, "कढत ओतशील तर केस हातात येतील." राजाने चूल विझवली. हळूहळू कातडे मऊ पडले, तेव्हा त्याने शिवण उसवून ते अलगद उतरवले.

आता गवताचा सांगाडा बारीक करायचा होता. पण किती? कारागिराला ठाऊक नव्हते, आणि राजाने तर कवडीच्या मानेवर कधी हातही फिरवला नव्हता. तेव्हा चिमणीएवढी झालेली नीलाक्षी त्याच्या तळहातावरून म्हणाली, "बाबा, माझ्या उशाखाली माळ आहे."

ती कवडीसाठी रोज तिच्या गळ्याच्या मापाची माळ ओवायची. ही शेवटची. फुले वाळून आक्रसली होती, दोरा मात्र तेवढाच होता. राजाने तो सांगाड्याच्या मानेभोवती धरला. दोन्ही टोकांत वीतभर अंतर राहिले.

"एवढीशी होती?" राजाने विचारले.

"एवढीच होती, बाबा. मला पुरत होती."

राजा रडत रडत गवत काढीत गेला, दोऱ्याची टोके जुळेपर्यंत. मग कातडे चढवले, शिवले, पापण्या बाभळीच्या काट्यांनी जागच्या जागी टाचल्या, कान केळीच्या सोपटांत सपाट बांधले. कानांचे पातळ कातडे आधी वाळून वळू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांवर ओला हात फिरवला. आणि तो थांबला.

थांबणे सर्वांत कठीण. एका दुपारी नीलाक्षीचा श्वास इतका बारीक झाला, की शेगडी पेटवायला राजाचा हात चकमकीकडे गेला. साळुंकी गप्प राहिली. नीलाक्षीने बापाचा अंगठा घट्ट धरला. राजाने चकमक उचलली आणि तळ्यात फेकून दिली.

सावलीतच कातडे वाळले. राजाने पहिला काटा उपसला. पापणी जागची हलली नाही. नीलाक्षी वीतभर वाढली. एकेक काटा निघत गेला, तशी ती त्याच्या मांडीवर जड होत गेली. डोळ्याच्या कोपऱ्यात उरलेली बारीक फट राजाने मेण लावून बुजवली. कवडी आता, नीलाक्षीने हाक मारल्यावर बघायची, तशी बघत होती.

नीलाक्षीने धावत जाऊन तिच्या गळ्यात हात टाकले. बोटांना बोटे भिडली. नीलाक्षी पुन्हा पहिल्याएवढी झाली होती; साळुंकी रानात परतली आणि राजवाड्यात पुन्हा पैंजणे वाजू लागली.

त्या वर्षी राजाने लेकीच्या माळांसाठी शेवंती लावली. माती मात्र एकदाही उकरून पाहिली नाही.