एकोणीस मिनिटांची ओळ

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असं मला बजावलेलं आहे. तरी सांगते. जिची ही गोष्ट आहे तिनं स्वतः काहीच लपवलं नाही, मग मी का लपवू?

एका तालुक्याच्या गावात, बसस्थानकामागच्या इमारतीत, एक लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. रुग्णवाहिकांचं काम तिच्याकडे होतं. कुठल्याही खेड्यातून फोन आला की केंद्रावरचा माणूस गावाचं नाव टाइप करायचा आणि सर्वांत जवळची गाडी कोणती ते पडद्यावर दिसायचं. कंपनीत तीन टीम होत्या. एक गाड्यांचं बघायची, एक फोनचं, एक नकाशांचं. पण गावं, रस्ते, गाड्या, ड्रायव्हर ही सगळी माहिती एकाच डेटाबेसमध्ये होती. म्हणजे घरं तीन आणि विहीर एक. एकानं दगड पाडला की तिघांचं पाणी गढूळ.

त्या विहिरीवर राखण होती मृदुला तांबट यांची. सगळे त्यांना मृदुलाताई म्हणत. पाण्याच्या फिल्टरशेजारच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा पडदा लावला होता. त्याला सगळे फलक म्हणत. डेटाबेसवर कुठलाही बदल चढवण्याआधी प्रत्येकानं त्यावर एक ओळ लिहायची. कोण, काय, किती वाजता, आणि बिघडलं तर मागे कसं फिरवायचं. ओळ नाही तर बदल नाही. फलक ताईंनीच तयार केलेला, म्हणून लिहिलेली ओळ पुसण्याची सोयही फक्त त्यांच्याकडे होती.

नकाशा टीमचा प्रमुख प्रणीत वाघचौरे याला या लिहिण्याचा भारी कंटाळा.

"ताई, डबा उघडतोय. फलकावर लिहू का? मागे कसं फिरवायचं ते मात्र विचारू नका."

"भाजी दुसऱ्याच्या डब्यातली असेल तर लिही," ताई मान वर न करता म्हणायच्या.

एका गुरुवारी दुपारी तीन वाजता प्रणीतनं नकाशाचा एक बदल चढवला. फलकावर त्याची ओळ आली. दहा मिनिटांत केंद्रावरून फोन आला. नदीपलीकडच्या गावाचं नाव टाकलं की 'गाव सापडलं नाही' असं येत होतं. एक्केचाळीस गावं नाहीशी झाली होती. त्यातल्याच एका गावात एका माणसाला साप चावला होता आणि त्याचा भाऊ फोनवर होता. नशीब, फोन घेणारी बाई त्याच भागातली होती. तिनं पडद्याचा नाद सोडला आणि आठवणीनं गाडी पाठवली. माणूस वाचला, पण तो त्या बाईमुळे. कंपनीमुळे नव्हे.

इकडे सगळ्यांचे डोळे फलकाकडे गेले. शेवटची ओळ प्रणीतची होती. त्याचा चेहरा उतरला. त्यानं आपला बदल मागे फिरवला, तरी गावं आली नाहीत. शेवटी ताईंनी सकाळी काढून ठेवलेल्या प्रतीवरून ती पुन्हा भरली. या सगळ्यात एकोणीस मिनिटं गेली.

मग हे झालं कशानं, ते शोधायला त्यांनी डेटाबेसच्या आतली नोंद उघडली. कुठला हुकूम कुणी दिला, ते डेटाबेस स्वतःच टिपून ठेवतो. तिथं प्रणीतचं नाव नव्हतं. मृदुला तांबट हे नाव होतं.

ताईंना एकदम आठवलं. त्यांच्यासमोर संगणकावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाच्या डेटाबेसची आणि एक खऱ्याची. दोन्ही काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं. सरावातली जुनी गावं पुसायला म्हणून दिलेला हुकूम त्यांनी खऱ्या खिडकीत दिला होता. आणि सरावच आहे म्हणून फलकावर ओळही लिहिली नव्हती.

त्या उठून मालकांकडे, विश्वजीत सरांकडे गेल्या. शनिवारी जिल्ह्याचे अधिकारी येणार होते. आणखी चार तालुक्यांचं काम या कंपनीला द्यायचं की नाही, ते तेव्हा ठरणार होतं.

सरांनी सगळं ऐकलं. "आणखी कुणाला सांगितलंत?"

"आधी तुम्हाला."

"मग इथंच थांबा. नकाशाच्या बदलात गडबड झाली, एवढं पुरे. प्रणीतचं कुणाला नवल वाटणार नाही."

"पण त्यानं केलेलं नाही."

"ताई, मी तुमच्या फलकासाठीच बोलतोय. जिनं फलक लावला तिनंच न लिहिता बदल केला, हे कळलं तर उद्यापासून तिथं कोण लिहील? चार वर्षांची शिस्त एका दिवसात जाईल."

सर म्हणत होते ते अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच जास्त टोचत होतं. शिवाय प्रणीतनं चार वर्षं त्यांची थट्टा केली होती. आता नुसतं गप्प बसलं की झालं असतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"चार वर्षं मी त्या पोराच्या मागे लागले, लिही म्हणून," त्या म्हणाल्या. "आज माझी पाळी आहे."

बाहेर येऊन त्यांनी फलकावर लिहिलं. 'कोण: मृदुला तांबट. काय: नदीपलीकडची एक्केचाळीस गावं पुसली, सराव समजून. किती वाजता: तीन वाजून आठ मिनिटं. मागे कसं फिरवलं: सकाळच्या प्रतीवरून, एकोणीस मिनिटांत. वरच्या नकाशाच्या बदलाचा याच्याशी संबंध नाही.'

प्रणीत पाणी प्यायला आला होता. भरलेला ग्लास त्याच्या हातातच राहिला.

"मला वाटलं, आज तुम्ही मला सोडत नाही."

"उद्या नाही सोडणार. उद्या तू काही केलंस तर."

शुक्रवारी सकाळी सर स्वतः फलकापाशी आले. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलले.

"साहेब उद्या इथंच उभे राहून पाणी पितील. ही ओळ काढा. सोमवारी हवी तर पुन्हा लिहा."

"नाही, सर."

"पुसायची सोय तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. तेच चुकलंय."

"मी सांगतोय म्हणून पुसा."

की-बोर्डांचा आवाज थांबला. चारचौघांत बोलायची ताईंना सवय नव्हती. त्या फलकाच्या संगणकासमोर जाऊन बसल्या. सरांना वाटलं, ऐकलं एकदाचं. पण ओळ गेली नाही. तिच्याखाली आणखी एक आली.

'कोण: मृदुला तांबट. काय: फलकावरची ओळ पुसण्याची सोय काढून टाकली, स्वतःचीसुद्धा. किती वाजता: अकरा वाजून वीस मिनिटं. मागे कसं फिरवायचं: फिरवायचं नाही.'

"याचा परिणाम माहीत आहे ना?" सर म्हणाले.

"माहीत आहे. तोही लिहा. खाली जागा आहे."

शनिवारी अधिकारी आले. त्यांनी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. "मृदुला तांबट कोण?" त्यांनी विचारलं. ताई उभ्या राहिल्या. "मी." अधिकारी नुसतं "बसा" म्हणाले आणि पुढे गेले. चार तालुके काही मिळाले नाहीत. निर्णय सहा महिने पुढे ढकलला गेला. सरांनी ताईंचं टेबल खिडकीपासून हलवून जिन्याजवळ लावायला सांगितलं. ताईंनी आपली खुर्ची स्वतः उचलून नेली. मान खाली घातली नाही.

सोमवारी सकाळी फलकावर एक नवी ओळ होती. 'कोण: प्रणीत वाघचौरे. काय: मागच्या महिन्यात गाड्यांच्या यादीत न लिहिता केलेला बदल.' दुपारी फोन टीमच्या दोन ओळी आल्या. संध्याकाळपर्यंत अशा सात झाल्या. त्यातला एक बदल विश्वजीत सरांनी 'राहू दे, लिहू नका' म्हणून करवून घेतलेला होता, आणि तेही तसंच लिहिलेलं होतं.

सर फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. पण आता पुसता कुणालाच येत नव्हतं.

तात्पर्य: दुसऱ्यांच्या चुकांची नोंद ठेवणाऱ्यानं स्वतःची चूक सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत ठळक लिहावी, तरच त्या नोंदीला किंमत राहते. आणि ती ओळ पुसायला सांगणारा कितीही मोठा असो, त्याच्या तोंडावर त्याला... हो सर, आले, आले.