ज्ञानकोशात कुसुंबी

फार जुन्या काळी घाटाखालच्या रानात प्राण्यांचा ज्ञानकोश तयार होत होता. त्यात कुणाची नोंद घ्यायची, हे धनेश पक्षी ठरवत असे.

एकदा कुसुंबी नावाच्या साळिंदरीचं नाव पुढे आलं. पहाटे कोरड्या ओढ्यात गार वाळू शोधायची आणि तिथेच उकरून पाणी काढायचं, ही रीत तिने अनेक उन्हाळे प्रयोग करून शोधली होती.

"आमच्या कुसुंबीसारखी हुशार कुणी नाही!" तिच्या बहिणी म्हणाल्या.

"घरच्यांची साक्ष चालत नाही," धनेश म्हणाला. "परक्या रानात हिचा शोध कुणाला ठाऊक आहे?"

कुसुंबीचं तोंड उतरलं. तेवढ्यात घाटावरून गव्यांचा कळप आला.

"इतक्या उन्हात वाटेत पाणी मिळालं?" धनेशने विचारलं.

"कुसुंबी करून काढलं," कळपातली म्हातारी म्हणाली. "गार वाळू उकरण्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. आमची वासरं त्यावरच जगली."

"कुसुंबी म्हणजे कोण, माहीत आहे?"

"कोण म्हणजे? जुना शब्द आहे तो."

"शब्द नव्हे, ती ही बघा!" धनेश पंख फडफडवत ओरडला. "हिची नोंद होणार!"

म्हातारीने आपली प्रचंड शिंगं कुसुंबीसमोर जमिनीला टेकवली. मागोमाग सारा कळप वाकला, आणि कुसुंबीचे सगळे काटे आनंदाने ताठ उभे राहिले.