आधी दात बघायचे

नदीकाठच्या एका गावात केरू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

केरूचं लग्न अडलं होतं. शेजारगावची हौसा त्याला फार आवडायची. पण तिचा बाप म्हणाला, "ज्याच्या दारात गाय न्हाई, त्याच्या घरात माझी लेक न्हाई."

आईनं केरूला जनावरांच्या बाजारात धाडलं. बजावलं, "दात बघितल्याबिगर काय बी पक्कं करू नगंस."

केरूनं एका गाईचा जबडा उघडला. वरचे पुढचे दात गायब! दुसरीचेही गायब. बाजारभर गाईंची तोंडं उघडून तो रिकाम्या हातानं परतला.

"आये, समद्या गाई म्हाताऱ्या हायेत. वर पुढं एक दात न्हाई."

आईनं कपाळावर हात मारला. "आरं, गाईला पुढं वरचे दात नसत्यातच! तिथं टणक हिरडी असती. गवत जिभेनं ओढायचं, खालच्या दातांनी हिरडीवर दाबून तोडायचं. खाली हायेत, वर न्हाईत, तर समज, गवत खाणारं."

केरूनं लक्षात ठेवलं. पुढच्या बाजारी चांगली गाय आणली.

मग शेजारची द्वारकाकाकू पाण्याला निघाली. तान्हं केरूजवळ ठेवून म्हणाली, "रडलं तर कायतरी खायला दे." ते रडलं. केरूनं तोंडात डोकावलं. खाली दोन दात, वर काही नाही. त्यानं लगेच बाळापुढं गवताची पेंढी टाकली.

काकूनं गल्ली डोक्यावर घेतली. आईनं पुन्हा कपाळावर हात मारला. "आरं, ते माणसाचं लेकरू! माणसाला भाकरी तोडायला खाली-वर दात लागत्यात. बाळाचे वरचे यायचे हायेत. दम धरला की येत्यात."

केरूनं तेही लक्षात ठेवलं.

हौसाच्या बापाला गाय पसंत पडली. त्यानं सुपारी फोडायला मायलेकांना घरी बोलावलं. हौसाची आजी बोळकं पसरून हसली. केरूला तिची दया आली.

"आजी, घाबरू नका. तुमचे यायचे हायेत. दम धरा."

आजी हरखली. "आजवर कुणी इतकं गोड बोललं न्हाई. पोरगी ह्यालाच द्या!"

बाप म्हणाला, "मग सोयरीक पक्की?"

केरू दचकला. "थांबा! अजून दात कुठं बघितलेत?"

तो हौसापुढं बसला. "आ कर."

बापानं काठी उचलली. आईला हात मारायला कपाळ सापडेना. हौसा मात्र हसू दाबत म्हणाली, "आधी तुमचे दाखवा."

केरूनं आ केला. तिनं नीट वाकून खालचे बघितले, वरचे बघितले.

"दात समदे आलेत. अक्कल तेवढी यायची हाय."

सगळं घर खो खो हसलं. बापानं काठी ठेवली आणि सुपारी फोडली.

केरू आनंदानं आईकडं वळला. "आये, काळजी करू नगंस. दम धरला की येती."