रंगारणीचा लेप

कुठल्या राजाचं राज्य होतं हे सांगणारं आता कुणी उरलं नाही, इतकी जुनी ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक रंगारीण राहत होती. गाठी मारून बांधणीची लुगडी रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण सतत ओल्या राहणाऱ्या त्याच हातावर नायटा उठला. खाज सुटली की जीव नकोसा होई. त्यातच लेकीचं लग्न ठरलेलं. नवरीला पहिली हळद आईच्या हातची, असा त्या गावचा रिवाज. आणि नायट्याचा हात दुसऱ्याला लागला तर त्यालाही नायटा होतो. रंगारणीने तातडीने वैद्यबुवांचं घर गाठलं.

त्यांनी लेप दिला आणि बजावलं, की हात धुऊन नीट कोरडा करावा, लेप पातळ लावावा, वरून फडकं बांधू नये आणि चट्टा गेला तरी आपण सांगेपर्यंत लेप थांबवू नये. तिने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

थोड्याच दिवसांत खाज थांबली, चट्टा दिसेनासा झाला. रंग चढला की कापड बाहेर काढायचं, हे तिला जन्मापासून ठाऊक. तिने लेप ठेवून दिला. पुढच्या पंधरवड्यात नायटा परत आला आणि मनगटापर्यंत पसरला.

ती चक्रावली. गेलेला आजार परत येतोच कसा? लेप कमी पडला असणार. दाट रंग आणि घट्ट गाठ, यांवर तर तिचं घर चालत होतं. तिने लेप जाड थापला आणि वरून फडकं करकचून बांधलं.

हाताची आग आग झाली. झोंबलं तरच गुण येतो, असं शेजारणी म्हणाल्या, म्हणून तिने दात-ओठ खाऊन सोसलं. फडकं सोडलं तेव्हा हातभर फोड होते. आता नायटा कुठला आणि फोड कुठले, हेही तिला कळेना.

ती रडवेली होऊन वैद्यबुवांकडे गेली. "लेप तोच, हात तोच. मग बिघडलं कुठे?"

"बाई, कातडी म्हणजे कापड नव्हे," वैद्यबुवा म्हणाले. "मी लेप दिला होता, रंग नव्हता दिला." त्यांनी हात धुवायला लावला आणि फोड सुकेपर्यंत काहीही लावायचं नाही, असं सांगितलं.

"हळदीपर्यंत बरा होईल ना?"

वैद्यबुवांनी नकारार्थी मान हलवली.

हळदीच्या दिवशी लेक पाटावर बसली. पहिली हळद चुलतीने लावली. रंगारीण हात पदराखाली घेऊन लांब उभी होती. लग्न लागून सासरी निघताना लेक म्हणाली, "आई, नुसता गालावरून हात फिरव." आईला तेवढंही करता आलं नाही.

तात्पर्य: औषध सांगितलं तसं आणि सांगितलं तोवर घ्यावं, आपल्या मनाने कमी-जास्त केलं की तेच अंगावर उलटतं.